मुकी झालेली तबकडी

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस, जेथे दौलतराव शिंद्यांनी सन १८१० च्या सुमारास आपल्या सैन्याचा तळ दिला, तेथे पुढे वसलेल्या नगरास आजही 'लष्कर' असेच म्हणतात. या लष्करात पाटणकर बाजार नावाची एक पेठ आहे. भोवतालचा सारा व्यवहार हिंदीत चालतो, पण नाव कानी पडताच मराठी माणसाला तेथे आपलेपणा वाटतो. माझी मावशी त्याच परिसरात राहते. गेल्या उन्हाळ्यात काही दिवस मी तिच्याकडे मुक्कामास होतो. त्या मुक्कामात घडलेली एक साधी गोष्ट विद्यार्थी मित्रांना सांगावी आणि तिच्या निमित्ताने एका यंत्राची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ग्वाल्हेर ही गाण्याची नगरी. ख्याल गायकीचे जे घराणे या नगरीच्या नावाने ओळखले जाते, त्याचे आद्य गायक हद्दूखाँ आणि हस्सूखाँ. ते कसे गात असत, हे आपण केवळ ऐकीव वर्णनावरून जाणतो. कारण आवाज साठविणारे एडिसनचे यंत्र १८७७ मध्ये तयार झाले, आणि तोपर्यंत हे दोघेही बंधू काळाच्या पडद्याआड गेले होते. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ यांचा आवाज मात्र ग्रामोफोनच्या तबकड्यांत उतरला आणि आज शंभर वर्षांनंतरही तो आपणांस ऐकता येतो. जतन झालेला आवाज आणि हरवलेला आवाज यांतील अंतर किती मोठे आहे, हे या एकाच घराण्याच्या दोन पिढ्यांवरून ध्यानात येईल.

मावशीच्या घरी असाच एक आवाज एका तबकडीत अडकून पडला होता. माझी आजी कोणी नामांकित गायिका नव्हती. परंतु जात्यावरच्या ओव्या आणि भोंडल्याची गाणी ती फार गोड म्हणत असे. तिची बारा गाणी एका कॅसेटवर घेतलेली होती. २००६ साली मामाने ती संगणकाच्या साहाय्याने एका सीडीवर, म्हणजे चकचकीत तबकडीवर, उतरवून घेतली. पुढे कॅसेटच्या फितीला बुरशी लागली आणि ती टाकून द्यावी लागली. आजीही आता नाही. राहिली ती एकच तबकडी. आणि ती घरातल्या जुन्या लॅपटॉपमध्ये घातली असता आतून घुर्र-घुर्र असा आवाज येई, दिवा काही वेळ लुकलुके, आणि अखेर पडद्यावर 'तबकडी घाला' अशी सूचना उमटे!

मावसभाऊ तबकडी काढी, पुन्हा घाली. पुन्हा काढी, पुन्हा घाली. बाजारातील एका दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटे पाहून हिंदीतून निर्णय दिला होता, "ड्राइव्ह गेला आहे, नवा बसवा." मावशी मला म्हणाली, "अरे, ते यंत्र गेले तर जाऊ दे. आईचा आवाज तर नाही ना गेला?"

प्रश्न अगदी नेमका होता. दोष यंत्रात आहे की तबकडीत, हे ठरल्यावाचून उपाय कसा करणार? आणि ते ठरविण्यासाठी हे यंत्र तबकडी वाचते कसे, हे आधी समजून घ्यावयास हवे.

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ही सीडी सिद्ध केली आणि १९८२ मध्ये ती प्रथम जपानच्या बाजारात आली. तिचा व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी सव्वा मिलिमीटरहूनही किंचित कमी असते. ती मुख्यतः पारदर्शक प्लास्टिकची असून वरच्या बाजूस धातूचा अत्यंत पातळ असा चकाकणारा थर असतो. त्यावर लाखेसारखा एक रक्षक लेप व त्यावर नावाची छपाई. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई बाहेरून आत जाते. येथे वाचन आतून बाहेर होते. माहितीची एकच अखंड रेषा जिलेबीप्रमाणे वळसे घेत मध्याकडून कडेकडे जाते. लगतच्या दोन वळशांतील अंतर अवघे १.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपट इतके असते. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे सुमारे पन्नास वळसे मावतील! ही रेषा उलगडून सरळ केली तर तिची लांबी पाच किलोमीटरहून अधिक भरेल.

कारखान्यात छापलेल्या तबकडीच्या या रेषेवर असंख्य सूक्ष्म खळगे असतात. वाचक यंत्रातून, म्हणजेच ड्राइव्हमधून, लेसरचा एक बारीक किरण भिंगातून खालून वर सोडला जातो. सपाट भागावर पडलेला प्रकाश चांगला परत येतो. खळग्यापाशी प्रकाशलहरी एकमेकींना मारक ठरतात व परत येणारा प्रकाश मंदावतो. प्रकाशातील हा चढउतार टिपून यंत्र त्याचे आकड्यांत आणि आकड्यांचे पुन्हा स्वरांत किंवा अक्षरांत रूपांतर करते. घरी भरलेल्या तबकडीत मात्र खळगे नसतात. तिच्यात एका सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो, आणि भरणाऱ्या यंत्राचा प्रखर किरण त्यावर ठिपके भाजून काढतो. हे ठिपके खळग्यांचे काम करतात. अशा तबकडीवरून परत येणारा प्रकाश छापील तबकडीच्या मानाने काहीसा कमी असतो, आणि ते रंगद्रव्य ऊन व उष्णता यांनी फिके पडत जाते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता कोणी विचारील, इतक्या सूक्ष्म लेखनावर धुळीचा एक कण पडला तरी सारे बिघडत कसे नाही? याची कारणे दोन. पहिले असे की, तबकडीच्या खालच्या पृष्ठभागावर किरणाची रुंदी जवळजवळ पाऊण मिलिमीटर असते व तो आत धातूच्या थरापाशी पोचेपर्यंत एका बिंदूत एकवटतो. खिडकीच्या काचेवर चिलट बसले असता दूरचे झाड पाहण्यास आपणांस अडचण पडत नाही, तसेच हे आहे. दुसरे कारण गणिताचे आहे. समजा, गुरुजींनी एका कवितेच्या प्रत्येक ओळीतील शब्द वर्गातील निरनिराळ्या बाकांवरील मुलांना वाटून पाठ करावयास दिले. एखादे संपूर्ण बाक गैरहजर राहिले, तरी प्रत्येक ओळीतला एखादाच शब्द गळेल आणि मागचापुढचा संबंध पाहून तो भरून काढता येईल. पण एक अखंड कडवे एकाच बाकाला दिले असते तर ते समूळ नाहीसे झाले असते. तबकडीवरील आकडे असेच दूरदूर विखरून लिहिलेले असतात, आणि रीड व सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने सोबत काही जादा आकडे दिलेले असतात. त्यामुळे रेषेचा सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचा भाग वाचता आला नाही, तरी यंत्र तो हिशेबाने जसाच्या तसा परत मिळवू शकते.

तेव्हा तबकडी वाचली जात नाही याचा अर्थ, बिघाड या सहनशक्तीच्या पलीकडे गेला आहे. तो कोठे, हे शोधण्याचा मार्ग वैद्याच्या निदानासारखाच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय फरक पडतो ते पाहावे. एकदम चार उपाय केले तर गुण कशाने आला हे कळत नाही, आणि गुण न आल्यास काहीच शिकावयास मिळत नाही.

आम्ही पहिला प्रश्न असा घातला: संगणकाला हा ड्राइव्ह दिसतो काय? उपकरणांच्या यादीत त्याचे नाव होते. नाव नसते तर तबकडीचा विचारच करण्याचे कारण नव्हते. मग मोठ्या संगणकात वीज व माहिती यांच्या तारा पक्क्या बसल्या आहेत की नाहीत ते, यंत्र बंद करून व वीज तोडून, पाहावे लागते. तारेने बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हला पुरेशी वीज मिळत नसली तरी असेच होते. कधी यंत्र निर्दोष असते, पण तबकड्या भरण्याचा एखादा कार्यक्रम संगणकातून काढून टाकताना मागे राहिलेल्या नोंदींमुळे ड्राइव्ह दिसेनासा होतो. पण आमचे दुखणे ते नव्हते.

दुसरा प्रश्न: हा ड्राइव्ह दुसरी तबकडी वाचतो काय? कपाटात चित्रपटगीतांची एक छापील तबकडी होती. ती घालताच गाणे सुरू झाले. म्हणजे 'ड्राइव्ह गेला' हे निदान तर चुकीचे ठरले. "मग आईचीच तबकडी बिघडली!" मावशीचा चेहरा उतरला. परंतु एवढ्यावरून तसे म्हणणे हीदेखील घाईच झाली असती. छापील तबकडी व घरी भरलेली तबकडी यांतील भेद मी वर सांगितलाच आहे. म्हणून मावसभावाने कधी काळी घरीच भरलेली दुसरी एक तबकडी आम्ही घालून पाहिली. तीही वाचली गेली नाही! दोन निरनिराळ्या वेळी भरलेल्या तबकड्या एकाच यंत्रात मुक्या राहतात आणि अधिक प्रकाश परतविणारी छापील तबकडी तेवढी बोलते, यावरून संशय पुन्हा यंत्राकडे वळला. ते अगदी आंधळे नव्हते, पण त्याची दृष्टी मंद झाली होती.

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नवलाचे नाही, आणि गरम वाऱ्याबरोबर येणारी बारीक धूळ बंद कपाटातसुद्धा शिरते. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा खण बाहेर सरकविला की त्याचे हरभऱ्याएवढे भिंग समोरच दिसते. संगणक बंद करून आम्ही ते पाहिले. त्यावर धुरकट थर चढला होता. तबकडीवरील धूळ किरणाच्या वाटेत क्वचित येते. भिंगावरील धूळ मात्र सदैव वाटेतच असते. रबरी फुग्याने हवा मारून आम्ही प्रथम सुटी धूळ उडविली. मग कापूस गुंडाळलेली काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलावून, न दाबता, अलगद फिरविली. हे भिंग केसासारख्या तारांवर तरंगते असते. जोर केल्यास ते कायमचे वाकडे होईल. बहुधा ते प्लास्टिकचेच असते, म्हणून नखांचा रंग काढण्याचे द्रव्य त्यास कदापि लावू नये. तसेच चालू यंत्राच्या भिंगात डोकावू नये. सीडीचा लेसर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण म्हणून तो निरुपद्रवी नव्हे.

भिंग वाळल्यावर मावसभावाची तबकडी घातली; ती तात्काळ वाचली गेली! मोठ्या आशेने आजीची तबकडी घातली. पुन्हा तीच घुर्र-घुर्र आणि तीच सूचना.

येथे पुष्कळजण गोंधळतात. एक बिघाड सापडला की शोध संपला, असे आपण धरून चालतो. परंतु दोन बिघाड एकाच वेळी असू शकतात, आणि पहिला दूर होईतो दुसरा दिसत नाही. यंत्राचा दोष गेला होता; आता तबकडीचे परीक्षण करावयाचे होते.

तबकडीच्या खालच्या बाजूस बोटांचे ठसे होते. ते मऊ, स्वच्छ, सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसले. गोल गोल पुसू नये, कारण त्या दिशेने चरा पडला तर तो माहितीच्या रेषेला धरूनच जातो व सलग मोठा भाग गिळतो. आडवा चरा मात्र प्रत्येक वळशाला क्षणभरच छेदतो आणि वर सांगितलेले गणित त्यास पुरे पडते. पुसूनही उपयोग झाला नाही. मग तबकडी उजेडासमोर धरली, तेव्हा खरे कारण दिसले. छपाईच्या बाजूस आईचे नाव आणि गाणी घेतल्याची तारीख मावशीने बॉलपेनने दाबून लिहिली होती आणि कडेशी, तारखेखाली, एक ठळक रेघ ओढली होती. त्या रेघेच्या जागी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडून पलीकडचा प्रकाश दिसत होता. शिवाय ही तबकडी अनेक वर्षे खिडकीशेजारच्या फळीवर उभी होती, त्यामुळे तिचे रंगद्रव्यही फिके पडले असावे.

सीडीची चकाकणारी बाजू आपण जिवापाड जपतो आणि नावाची बाजू निर्धास्तपणे हाताळतो. वस्तुतः माहितीचा थर नावाच्या बाजूस, त्या पातळ लेपाच्या लगेच खाली असतो! चकाकणाऱ्या बाजूचा चरा हा खिडकीच्या काचेवरचा ओरखडा. नावाच्या बाजूचा चरा म्हणजे चित्रच फाटणे होय. (डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असल्याने तो अधिक सुरक्षित असतो.) मावशीने प्रेमाने ओढलेली रेघच आवाजावर उठली होती. मी हे तिला सांगितले. सांगताना वाईट वाटले, पण कारण लपवून कोणाचे हित होत नाही.

आता पुन्हा पुन्हा तबकडी घालून पाहणे सोडून दिले. दर वेळी ती वेगाने फिरते, तापते आणि हाताळली जाते. प्रत्येक ड्राइव्हची पारख थोडी निराळी असते. एकाला न वाचता आलेली तबकडी दुसरा वाचू शकतो. शेजारच्यांकडून आम्ही बाहेरून जोडण्याचा एक नवा ड्राइव्ह मागून आणला. त्यात पाच मिनिटे कुरकुर झाली आणि पडद्यावर बारा नावांची यादी उमटली! तरीही गाणी वाजविण्याचा मोह आम्ही आवरला. प्रथम प्रत, मग श्रवण. 'डीडीरेस्क्यू' नावाचा एक विनामूल्य कार्यक्रम आहे. तो आधी तबकडीचा सुस्थितीतील भाग उचलून घेतो, कठीण जागांची टिपणवही ठेवतो आणि त्या जागांवर मागाहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. साठ मिनिटांचे ते गायन सुमारे ६०० मेगाबाइटचे होते. बरीचशी माहिती अर्ध्या तासात उतरली; उरलेल्या थोड्या भागासाठी यंत्र रात्रभर चालू राहिले.

सकाळी हिशेब केला. बारांपैकी दहा गाणी पूर्ण मिळाली. अकरावे मध्ये काही क्षण तुटते. बारावे, म्हणजे अगदी कडेचे, रेघेखाली सापडलेले, मिळाले नाही. वाचन आतून बाहेर होते हे लक्षात घेतले म्हणजे शेवटचेच गाणे का गेले, हे निराळे सांगावयास नको. आजीच्या पहिल्या ओवीचा आवाज घुमला, तेव्हा मावशी काही बोलली नाही. मग काही वेळाने म्हणाली, "बारावे मला पाठ आहे." त्याच दिवशी दुपारी तिने ते स्वतः म्हटले आणि आम्ही ते भरून घेतले.

आपल्या घरी अशी अडचण आल्यास आणखी काही गोष्टी पडताळून पाहाव्यात. सीडीचा ड्राइव्ह डीव्हीडी वाचू शकत नाही आणि डीव्हीडीचा ड्राइव्ह ब्ल्यू-रे वाचू शकत नाही. कारण प्रत्येकीचे लेखन अधिकाधिक सूक्ष्म असून लेसरही निराळा असतो. भरल्यानंतर विधिपूर्वक 'बंद' न केलेली तबकडी ज्या यंत्रात भरली तेथेच कधीकधी वाचली जाते, इतरत्र नाही. परदेशातील आप्तांनी पाठविलेली चित्रपटाची डीव्हीडी चालली नाही, तर तिच्यावरील विभागाचा क्रमांक पाहावा. भारताचा विभाग ५ आणि अमेरिकेचा १ आहे. संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग साधारणतः पाच वेळाच बदलता येतो. पावसाळ्यात किंवा थंड खोलीतून दमट हवेत आणलेल्या यंत्राच्या भिंगावर दव धरते. तेव्हा तासदोन तास थांबणे हाच उपाय. तडा गेलेली तबकडी मात्र ड्राइव्हमध्ये मुळीच घालू नये. वेगवान ड्राइव्ह तिला मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या घरात फिरवितो, आणि ती आतल्या आत फुटून तिचे तुकडे होतात. दंतमंजन चोळून चरे घालविण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. त्यांनी नवे चरेच अधिक पडण्याचा संभव असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, ज्याची एकच प्रत आहे ते जतन झाले असे समजू नये. आजीची गाणी आता मावशीच्या संगणकात, मामाच्या घरी आणि माझ्यापाशी अशी तीन ठिकाणी आहेत. तबकडीवर लिहावयाचे झाल्यास मऊ टोकाच्या, खास त्यासाठी मिळणाऱ्या लेखणीने मधल्या पारदर्शक कड्याजवळ लिहावे आणि ती उन्हापासून दूर, डबीत ठेवावी.

सुटीत आपापल्या घरची कपाटे एकदा अवश्य उघडून पाहावीत. कोणाच्या लग्नाची, कोणाच्या आजोबांच्या कीर्तनाची, कोणाच्या बालपणीच्या बोबड्या बोलांची एखादी तबकडी तेथे पडून असेल. ती आज बोलत असेल, तर आजच तिची दुसरी प्रत करून ठेवावी. आणि ती मुकी झाली असेल, तर हताश न होता, एका वेळी एकच प्रश्न विचारीत, ती का बोलत नाही याचा शोध घ्यावा.